फर्माईश करणारा तिसरा माणूस

सिल्लोड तालुका ओळखला जातो तो मका, कापूस आणि हिरव्या मिरचीसाठी. या तिन्ही पिकांचा गुण एकच आहे. वर्षभर हात रिकामा ठेवायचा आणि मग थोड्या आठवड्यांत एकदम पैसा टेकवायचा. त्यातला बराचसा कृषी केंद्राची उधारी, सोसायटीचे कर्ज आणि घरातले लग्नकार्य यांत जातो. थोडा मात्र रस्त्याला लागतो. मग चहाच्या टपरीवर, बाजार समितीच्या आवारात, बसस्थानकाच्या कट्ट्यावर गोष्टी सुरू होतात. अमुक एक जण मिरचीची गाडी घेऊन वाशीला गेला होता, परतताना पनवेलकडे 'गाण्याच्या बार'मध्ये बसला, एका गाण्याला इतके दिले, दुसऱ्या गाण्याला तितके दिले आणि येताना डिझेलपुरते पैसे कोणाकडून तरी मागून घेतले. या गोष्टींत एक व्याकरण कटाक्षाने पाळले जाते. सांगणारा कधीही 'मी गेलो होतो' असे म्हणत नाही. गेलेला माणूस नेहमी तिसरा असतो.

हा तिसरा माणूसच या लेखाचा विषय आहे. गाण्याचा बार, म्हणजे सरकारी कागदांतला ऑर्केस्ट्रा बार, महाराष्ट्रात गेली वीस वर्षे सतत चर्चेत आहे. त्यावर कायदे झाले, ते रद्द झाले, पुन्हा झाले. सर्वोच्च न्यायालयाला त्यात किमान तीनदा लक्ष घालावे लागले. गाणारीने कुठे उभे राहावे, मंचावर किती बायका असाव्यात, गाणे किती वाजेपर्यंत चालावे, या सगळ्यांचा बारकाईने विचार झाला. पण ज्याच्या खिशावर हा सारा संसार चालतो तो ग्राहक नेमके काय विकत घेतो, त्याला काय मिळते आणि काय मिळत नाही, हे विचारण्याची गरज कोणाला फारशी वाटली नाही.

आधी तो काय विकत घेत असतो ते पाहू. मद्य तो कुठेही घेऊ शकतो, आणि स्वस्तात. गाणे तर आता प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहे, तेही मूळ गायकाच्या आवाजात. बारमध्ये जे मिळते ते मुळाची नक्कल असते. एका कोपऱ्यात बुटका मंच, त्यावर की-बोर्ड, ऑक्टोपॅड, एखादा पुरुष गायक आणि तीन-चार गायिका. ध्वनिक्षेपक इतका मोठा लावलेला की शेजाऱ्याशी बोलायचे तर कानाला तोंड लावावे लागते. ग्राहक चिठ्ठीवर गाण्याचे नाव लिहितो, चिठ्ठीबरोबर नोट जाते आणि थोड्या वेळाने ते गाणे त्याच्या टेबलाकडे पाहून म्हटले जाते. ते पाहणेच विक्रीचा खरा माल आहे. भरल्या खोलीत तीन-चार मिनिटे कोणीतरी आपल्या आवडीचे गाणे आपल्यासाठी म्हणते आहे, ही जाणीव. दिवसभर आडत्याकडून भाव ऐकून घेणाऱ्या, बँकेत रांगेत उभ्या राहणाऱ्या, घरी सतत काहीतरी 'आणायचे राहिले' म्हणून बोलणी खाणाऱ्या माणसाला ती तीन मिनिटे महाग वाटत नाहीत. महाग पडते ते त्यानंतरचे. दुसऱ्या टेबलावरचा कोणी त्याच गायिकेकडे मोठी नोट पाठवतो आणि नजर तिकडे वळते. ती परत वळवायची तर खिशात पुन्हा हात घालावा लागतो. लिलावात बोली लावण्याची सवय असलेल्या बाजारपेठेतल्या माणसाला हा खेळ चटकन कळतो. आपण इथे बोली लावणारे आहोत, माल नव्हे, असेही त्याला वाटत राहते.

फर्माईश ही काही बारवाल्यांनी शोधून काढलेली गोष्ट नव्हे. महाराष्ट्राला ती फार जुनी ठाऊक आहे. मोडनिंब, जामखेड, चौफुला, सणसवाडी येथील कलाकेंद्रे आणि पुण्याचे आर्यभूषण थिएटर ही संगीत बारीची ठिकाणे. 'बारी' म्हणजे पाळी. एकाच थिएटरात अनेक पार्ट्या मुक्कामाला असतात, मंचावर त्या आपापल्या पाळीने लावणी सादर करतात आणि ज्याला जी पार्टी पसंत पडली तो नंतर तिची खासगी बैठक लावतो. बैठकीत पेटी, तबला, ढोलकी. समोर मोजके लोक. बसून म्हटलेली, अदाकारीची लावणी. यमुनाबाई वाईकरांसारख्या कलावतीने या बैठकीच्या लावणीला जी उंची दिली तिची दखल २०१२ मध्ये पद्मश्री देऊन शासनानेही घेतली. तिथला जुना ग्राहक स्वतःला ग्राहक म्हणवत नसे. तो 'शौकीन' होता. एकाच ओळीचा अर्थ चार वेळा चार प्रकारे दाखवायला सांगण्याइतपत कान आणि डोळा त्याच्याजवळ असे. दौलतजादा तिथेही होत होता, पण पैसे उधळणाऱ्याला दादही देता आली पाहिजे असा एक न लिहिलेला दंडक होता.

मात्र या जुन्या शौकिनाचे फार गोडवे गायचे कारण नाही. डॉ. किशोर शांताबाई काळे यांचे 'कोल्हाट्याचं पोर' १९९४ मध्ये आले आणि या रसिकतेची किंमत कोण मोजत होते ते मराठी वाचकांना उघड दिसले. बैठकीला येणारा, पुढे एखाद्या कलावतीचा 'मालक' होणारा माणूस सगळ्या पंचक्रोशीला माहीत असे. तिच्या मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर मात्र त्याचे नाव नसे. काळ्यांनी स्वतःच्या नावात आईचे नाव लावले त्यामागे हा सारा इतिहास आहे. बैठकीतला शौकीन तोंडाने ओळखीचा आणि कागदावर गैरहजर असे. आजच्या बारमधला ग्राहक दोन्हीकडे गैरहजर आहे. फरक असेल तर एवढाच, आणि तो सुधारणेचा आहे की ऱ्हासाचा, हे ज्याने त्याने ठरवावे.

बैठकीपासून बारपर्यंत यायला मध्ये आणखी एक मुक्काम होता, तो वाद्यवृंदाचा. १९६० नंतरच्या दोन-तीन दशकांत मराठी मध्यमवर्ग तिकीट काढून, सहकुटुंब, ऑर्केस्ट्रा ऐकायला जात असे. पुण्याचा 'मेलडी मेकर्स', प्रमिला दातारांचा 'सुनहरी यादें' ही नावे त्या पिढीला आजही आठवतात. तिथेही नक्कलच होती. गणेशोत्सवात, शाळेच्या मदतीसाठी, कामगार कल्याण केंद्रात ऑर्केस्ट्रा होत आणि प्रेक्षकांतून चिठ्ठ्या जात. त्या चिठ्ठीबरोबर नोट जात नसे, एवढाच काय तो भेद. पुढे घरोघरी कॅसेट आली, दूरचित्रवाणी आली, मग वाद्यांचे सगळे आवाज एका की-बोर्डात मावू लागले. वीस-पंचवीस जणांचा ताफा पोसणे परवडेना. रोजचे काम आणि रोजचा पैसा जिथे होता तो बार. तेच गाणे, तशीच गायिका, तसाच ढोलक वाजवणारा. बदलला तो समोर बसलेला माणूस, आणि तोही वाटते तितका बदलला नाही. नाट्यगृहात पत्नी-मुलांसह बसलेला आणि बारमध्ये एकटा बसलेला हे पुष्कळदा एकाच गल्लीत राहत असत.

शासनाची नजर या साऱ्याकडे कशी होती? स्वातंत्र्यानंतर लगेच, बाळासाहेब खेरांच्या कारकिर्दीत, मुंबई राज्यात तमाशावर अश्लीलतेच्या कारणाने बंदी आली. मग दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि 'सुधारलेल्या' तमाशाला परवानगी मिळाली. सुधारणा कशाची? वगाच्या संहितेची, हावभावांची, गाण्यांची. प्रेक्षकाच्या सुधारणेची समिती कोणी नेमली नाही. (मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि मुंबई राज्यात आला तो १९५६ मध्ये. म्हणजे या पहिल्या बंदीच्या वेळी सिल्लोड मुंबई सरकारच्या हद्दीबाहेर होते.) मुंबईत करमणुकीच्या जागांना ज्या नियमांखाली परवाने दिले जातात ते १९६० चे आहेत आणि त्यांच्या लांबलचक नावात मेळे आणि तमाशे यांचा उल्लेख आहे. आजच्या ऑर्केस्ट्रा बारचा परवानाही त्याच नियमांच्या कुळातला. तमाशा आणि बार यांचे नाते समाजशास्त्रज्ञांच्या आधी पोलिसांनी ओळखले होते असे म्हणायला हरकत नाही.

पुढचा इतिहास बहुतेकांना आठवत असेल. २००५ मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्री व गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी डान्स बार बंद करण्याची घोषणा केली. तरुण बिघडतात, घरे मोडतात, जमिनी विकल्या जातात, अशा तक्रारी होत्या आणि त्या खोट्या नव्हत्या. मुंबई पोलीस कायद्यात ३३ अ आणि ३३ ब ही कलमे घालण्यात आली. पहिल्याने बारमधील नृत्याला बंदी केली. दुसऱ्याने तीन तारांकित व त्यावरच्या हॉटेलांना त्यातून मोकळे ठेवले. १५ ऑगस्ट २००५ पासून बंदी लागू झाली. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २००६ मध्ये ती रद्द ठरवली आणि १६ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. बंदीमुळे ७५ हजारांवर स्त्रिया बेकार झाल्या, याची नोंद न्यायालयाने आवर्जून घेतली.

त्या निकालातला माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग नर्तिकेविषयी नाही, ग्राहकाविषयी आहे. सरकारचे म्हणणे साधारण असे होते की, तारांकित हॉटेलात येणारा वर्ग वेगळा, त्याची अभिरुची वेगळी, तिथे तेच नृत्य अपायकारक ठरत नाही. न्यायमूर्ती अल्तमस कबीर आणि न्यायमूर्ती सुरिंदर सिंग निज्जर यांच्या खंडपीठाने हे मान्य केले नाही. माणूस कोणत्या वर्गातला आहे यावरून त्याची नीतिमत्ता गृहीत धरता येणार नाही, असा त्या विवेचनाचा आशय आहे. मोठ्या हॉटेलात बसलेला उद्योगपती आणि पनवेलच्या बारमध्ये बसलेला मिरचीवाला यांना कायद्याच्या पुस्तकात प्रथमच एका बाकावर बसवले गेले. आपल्याकडे याची चर्चा झाली नाही. 'डान्स बार पुन्हा सुरू' या मथळ्यापुढे कोणी गेले नाही.

मुंबईचा इतिहास पाहिला तर हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. चर्चगेटच्या हॉटेलांत आणि ताजमध्ये गोव्याचे वादक जाझ वाजवत होते, गायिका गात होत्या आणि समोर पेले होते, तेही दारूबंदीच्या मुंबईत. तिथे बसून ऐकणाऱ्याच्या आठवणी आज पुस्तकांत येतात, प्रदर्शनांत मांडल्या जातात. तो अभिमानाने 'मी' म्हणतो. क्रिस पेरी आणि लॉर्ना ही नावे घेताना त्याचा आवाज हळवा होतो. ते योग्यच आहे, संगीत उत्तम होते. पण एका गायिकेसमोर पेला घेऊन बसणे ही एका माणसाची सांस्कृतिक आठवण आणि दुसऱ्याची लपवायची गोष्ट का व्हावी, याचे उत्तर केवळ संगीताच्या दर्जात सापडत नाही. चर्चगेटच्या श्रोत्याला नोट दाखवून नजर विकत घ्यावी लागत नव्हती. त्याला समाजात ती आधीच मिळत होती.

शासनाने २०१६ मध्ये नवा कायदा केला. या वेळी ग्राहक थोडा दिसू लागला, पण कोणत्या रूपात? नोटा किंवा नाणी उधळणारा, हाताने पैसे देणारा, अंगाला हात लावणारा. अंगाला हात लावणे गुन्हा असावे याविषयी दुमत नाही. पण बक्षीस बिलातच लावा, नृत्याच्या जागी सीसीटीव्ही बसवा, अशाही अटी आल्या. १७ जानेवारी २०१९ रोजी न्यायमूर्ती ए. के. सिक्री आणि न्यायमूर्ती अशोक भूषण यांनी त्यांतल्या पुष्कळ अटी काढून टाकल्या. पैसे उधळायचे नाहीत पण बक्षीस देता येईल, वेळ संध्याकाळी सहा ते रात्री साडेअकरा, कॅमेऱ्याची सक्ती नाही. खासगीपणाचा हक्क बारमध्ये बसणाऱ्यालाही आहे, असे त्यातून निष्पन्न झाले. त्यानंतर १८ फेब्रुवारी २०२२ चा निकाल आला, तो थेट ऑर्केस्ट्रा बारविषयीचा. मंचावर चार स्त्रिया आणि चार पुरुष अशी परवान्याची अट होती. न्यायालयाने सांगितले की एकूण आठ ही मर्यादा ठेवा, पण त्यांत स्त्रिया किती नि पुरुष किती हे ठरवणे सरकारचे काम नव्हे. मंचावरची माणसे लिंगाप्रमाणे मोजणारा आपला नियम खोलीतल्या ग्राहकाविषयी गप्प होता, हे त्या प्रकरणात पुन्हा दिसले.

याचा परिणाम प्रत्यक्ष ग्राहकाच्या अनुभवावर काय होतो? एक तर त्याला तक्रारच करता येत नाही. महाराष्ट्र ही ग्राहक चळवळीची भूमी. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, पाठोपाठ मुंबई ग्राहक पंचायत आली, आणि वजनकाट्यापासून विम्यापर्यंत मराठी ग्राहक भांडायला शिकला. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने त्याचे हक्क वाढवले. सेवाशुल्क बिलात सक्तीने लावता येणार नाही असे केंद्रीय प्राधिकरणाने २०२२ मध्ये स्पष्ट केले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये ते उचलून धरले. हे सारे कागदावर बारच्या ग्राहकालाही लागू आहे. न मागितलेली बशी बिलात चढली, पेयाचा भाव दुप्पट लागला, पाचशेची मोड देताना नोटा कमी दिल्या, तर त्याने जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. पण त्यासाठी अर्जात लिहावे लागेल की अमुक तारखेला मी अमुक ठिकाणी बसलो होतो, आणि नेमके तेच तो लिहू शकत नाही. फर्माईशीच्या पैशाची पावती नसतेच. मालकाच्या धंद्याचे खरे भांडवल ही ग्राहकाची लाज आहे, रोषणाई नव्हे.

दुसरे, पोलिसांचा छापा. छाप्याची बातमी ठरलेल्या साच्यातली असते. इतक्या बारबाला, इतके कर्मचारी, इतके ग्राहक ताब्यात. पुढे कधीतरी उच्च न्यायालय एखाद्या प्रकरणात सांगते की केवळ तिथे हजर असणे हा गुन्हा नव्हे आणि त्या माणसावरचा खटला रद्द होतो. तोवर वर्षे गेलेली असतात. पण ही झाली खटला लढू शकणाऱ्याची गोष्ट. इतर जण दंड भरतात, गावी परततात आणि पुन्हा तिसऱ्या माणसाची गोष्ट सांगू लागतात. गायिकेला असा तिसरा पुरुष वापरता येत नाही. तिचे छायाचित्र तोंडावर ओढणीसह छापले गेलेले असते आणि घरमालकाने ते पाहिलेले असते.

तिसरा परिणाम मला सर्वांत गंभीर वाटतो. ज्या ठिकाणी कोणी आपल्याला ओळखत नाही अशी खात्री असते तिथे माणूस स्वतःचा जामीन राहत नाही. सिल्लोडच्या बाजारात दहा रुपयांसाठी घासाघीस करणारा शेतकरी शहरात एका रात्रीत खताचे पैसे घालवतो, कारण तिथे खर्च करणारा 'तो' नसतोच. पनवेल-ठाण्याकडे जमिनीचा मोबदला मिळालेल्या कुटुंबांत हे घडल्याचे २००५ च्या चर्चेत वारंवार सांगितले गेले. आता जिथे जिथे महामार्गासाठी भूसंपादन होते तिथे ते घडू शकते, मराठवाडाही त्याला अपवाद नाही. २०२५ मध्ये दौंड तालुक्यात चौफुल्याजवळच्या एका कलाकेंद्रात गोळीबार झाला तेव्हा कलाकेंद्रांचे परवाने, त्यांच्या वेळा, तिथल्या बायका यांवर पुन्हा तावातावाने बोलले गेले. बंदूक मंचावरून सुटली नव्हती. तरी चौकशीची मागणी मंचाची झाली.

बंदीचे समर्थक म्हणतील की या साऱ्यावर उपाय सोपा आहे, बारच नको. त्यांची कळकळ समजण्यासारखी आहे. ज्या बाईच्या नवऱ्याने कापसाचे पैसे उडवले तिला घटनेच्या एकोणिसाव्या कलमाचे कौतुक सांगण्यात अर्थ नाही. पण २००५ ते २०१३ या बंदीच्या काळात तिचा नवरा घरी बसला असे दिसले नाही. नृत्य थांबले, ऑर्केस्ट्रा राहिला, दारामागे आणखी एक दार आले. त्या बाईला आजही विचारता येत नाही की माझ्या घरचे पैसे कुठे गेले, कारण त्याची नोंद कुठेच नाही.

नोंदीचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगितली पाहिजे. महाराष्ट्रात मद्यपान करायला आजही परवाना लागतो. 'परमिट रूम' या पाटीचा उगम त्यातच आहे. सौम्य मद्यासाठी वय एकवीस, कडक मद्यासाठी पंचवीस. आयुष्यभराचा परवाना मिळतो, वर्षाचा मिळतो आणि एका दिवसाचाही मिळतो. विदेशी मद्याच्या एक दिवसाच्या परवान्याची किंमत पाच रुपये. या साऱ्या कायदेपसाऱ्यात ग्राहकाचे नाव लिहिण्याची सोय असलेला बहुधा हा एकच कागद. पुष्कळ ठिकाणी त्याचे पुस्तक गल्ल्यावर असते, दिवसाच्या विक्रीच्या हिशेबाने रात्री पाने फाडली जातात आणि त्यांवरची नावे व्यवस्थापकाला सुचतील ती असतात.